साध्या झग्याची शिलाई

आमच्या ह्यांना बाजारात सगळे ‘नुसते विचारे’ म्हणतात. खरं आडनाव वेगळंच आहे, पण ते पगाराच्या कागदापुरतं. एकतीस वर्षं हा माणूस दुकानादुकानांत भाव विचारत फिरतोय आणि एकतीस वर्षांत त्यातल्या एकाही दुकानातून त्याने साधी सुई विकत घेतलेली नाही. आकडेवारीच्या सरकारी कचेरीतली नोकरी आहे ही. ठरलेल्या तारखेला ठरलेल्या दुकानात जायचं, ठरलेल्या वस्तूचा भाव विचारायचा, पत्रकात लिहायचा, आभार मानायचे आणि चालू पडायचं. कोपऱ्यावरचा केस कापणारा अजून म्हणतो, “साहेब, एकदा तरी खुर्चीत बसा हो, फुकट कापतो!” हे हसतात आणि पुढच्या दाराला लागतात.

नियमच आहे तसा. ज्या दुकानाचा भाव लिहायचा तिथून काही घ्यायचं नाही, म्हणजे दुकानदार ओळखीखातर भाव कमी सांगत नाही. यांनी तो नियम घरालाही लावला. पाववाला, किराणावाला, औषधवाला, चपलांचं दुकान, गल्लीतले सगळे आम्हाला बंद. ताज्या पावाचा वास आमच्या खिडकीतून आत येतो आणि पाव आणायला मी वीस मिनिटं तंगडतोड करते. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. कसलं उतरतंय!

मी शिंपीण आहे. पोस्टाच्या मागे दहा बाय आठचं दुकान, एक मशीन, एक कापायचं टेबल, आरसा आणि पडदा लावलेला कोपरा. बायकांचे झगे शिवते. तयार कपड्यांची दुकानं वाढली तशा बाकीच्या शिंपिणी उठून गेल्या, आता या भागात मी एकटीच उरले आहे. आणि माझंच दुकान यांच्या यादीत आहे. लग्नाच्याही आधीपासून.

हे पहिल्यांदा आले तेव्हा दुकान काढून मला जेमतेम दोन महिने झाले होते. दारात एक कडक इस्त्रीचा शर्ट उभा राहिला, खाकरला आणि म्हणाला, “बाई, साधा झगा. अर्ध्या बाह्या, अस्तर नाही, कापड गिऱ्हाइकाचं. शिलाई किती?” मी पाटीकडे बोट दाखवलं. तिथे चाळीस लिहिलं होतं. “पाटीवरचा नको,” शर्ट म्हणाला, “हातात पडलेला सांगा.”

आता हातात काय पडलं होतं? त्या महिन्यात मी तीन झगे शिवले होते. एक मामीचा, तो फुकट. दोन शेजारणींचे, निम्म्या भावात, तेही हसत हसत. आणि समोर हा असा लेखणी उघडून उभा. त्याला सांगू की मला कोणी पुरते पैसेही देत नाही? मी मान ताठ केली आणि म्हटलं, “चाळीसच!” यांनी लिहिलं, आभार मानले, गेले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागात पडलेलं खोटं ते. बोलायला एक सेकंदही लागला नव्हता.

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही. चौथ्या खेपेला माझं डोकं फिरलं. म्हटलं, “अहो, शिवायचं काही नसेल तर माझ्या दारात ऊन कशाला अडवता?” बिचारे गोरेमोरे झाले. मग त्यांनी उभ्या उभ्याच समजावलं, की हा भाव नुसता इथे राहत नाही, राजधानीत जातो, आणि काही वर्षांतून एकदा सगळ्या जगाच्या भावांशेजारी जाऊन बसतो. मी मशीन थांबवलं. माझ्या या खोपट्यातला आकडा जगात कुठे जातो हे ऐकून मला खरंच गंमत वाटली. त्यानंतर दहा तारीख जवळ आली की मी आरशात जरा जास्त बघायला लागले, हे कबूल करते. वर्षभराने ते आले, भाव लिहिला, लेखणी बंद केली आणि म्हणाले, “बाई, आणखी एक विचारायचं होतं. ते पत्रकात नाही.” पहिल्यांदाच हा गृहस्थ माझ्या दुकानातून काहीतरी न्यायला आला होता.

मला वाटलं, आता तरी माझं दुकान यादीतून जाईल. यांनी कचेरीला लिहूनसुद्धा विचारलं. उत्तर आलं, की दुकान बदलू नये. दरवेळी दुकान बदललं तर भाव बदलला की दुकान, हे कळायचं कसं? मग यांनीच तीन नियम केले. दहा तारखेला दुकानात मी ‘बाई’ आणि ते ‘साहेब’. दुकानाच्या भावाबद्दल घरात एक अक्षर नाही. आणि आमच्या घरातलं कोणी माझ्याकडे झगा शिवायचा नाही. तिसरा नियम ऐकून सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. “सून शिंपीण आणि मी झगा शिवायला गावभर हिंडू?” त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, पण लेकापुढे कोणाचं काय चालतंय.

बावीस वर्षं असं चाललं. सकाळी एका टेबलाशी चहा प्यायचा, अकरा वाजता दारात खाकरायचं. “बाई, साधा झगा, अर्ध्या बाह्या...” आणि मी पाटीवरचा आकडा सांगायची. चाळीसचे साठ झाले, साठचे नव्वद, नव्वदचे एकशेवीस. पाटी मी महागाईप्रमाणे रंगवून घेत होते. हातात मात्र तेवढं कधीच पडलं नाही. मी गिऱ्हाईक आत आलं की आधी चपला बघते. टाच झिजलेली आहे का, अंगठ्याजवळ टाका घातलाय का. त्यावरून भाव ठरतो. दवाखान्यातल्या आयाबाईला वेगळा, बँकेतल्या बाईला वेगळा, आणि काहींना काहीच नाही. घर यांच्या पगारावर चालत होतं, मग मी कोणाच्या मानेवर सुरी का ठेवावी?

आणि यांना सांगायचं तर कसं? पहिल्या वर्षी लाज होती. नंतर लाजेला लाज लागली, की इतकी वर्षं सांगितलं नाही आता काय सांगू. घरात तर तो विषयच वर्ज्य.

बाकी विषय मात्र पुष्कळ निघायचे. यांच्याकडे देशांची तुलना करणारं एक जाडजूड पुस्तक आहे, विटेएवढं. सगळे देश ओळीने, प्रत्येकापुढे आकडे. रविवारी मी भाजी निवडत बसायची आणि प्रश्नांवर प्रश्न विचारायची. एकदा म्हटलं, “पगार बघायचा आणि श्रीमंत-गरीब ठरवायचं, संपलं. भाव कशाला हवेत?”

“बरं, सांग,” हे म्हणाले. “एका देशात माणसाला दिवसाचे शंभर मिळतात आणि केस कापायला दहा पडतात. दुसऱ्या देशात पन्नासच मिळतात, पण केस कापायला तीन. श्रीमंत कोण?”

मी बोटं मोजली. पहिल्याचे दहा वेळा केस कापून होतात, दुसऱ्याचे सोळा वेळा. “दुसरा!”

“आणि विमानाचं तिकीट दोघांनाही सारखंच पडत असेल तर?”

“मग पहिला. अहो, हे काय, घटकेत हा घटकेत तो!”

“म्हणून तर एका वस्तूवर भागत नाही. शेकडो लागतात. केस कापणं, दात काढणं, सिमेंट, अंडी, बूट, झगा. आणि वस्तू तंतोतंत तीच हवी. नाहीतर तू माझे बूट आणि शेजाऱ्याची चप्पल शेजारी ठेवून भांडत बसशील.”

तंतोतंत म्हणजे किती? एकदा जगाच्या यादीत असा एक मासा आला जो आमच्या बाजारात कोणी बघितलाच नव्हता. मासेवाली म्हणाली, “हा घ्या, हाही चपटाच आहे.” यांनी रकाना रिकामा ठेवला. कचेरीतले साहेब रागावले, की आपल्या रकान्यात भोक दिसतं. हे म्हणाले, “मासा नाही तर भोकच खरं.” बुटाचा तळ किती जाडीचा हे बघायला यांच्या खिशात पोलादी पट्टी असते, अंडी तोलायला पिशवीत छोटा काटा असतो. अंडेवाला यांना लांबून बघूनच हात जोडतो.

दुसऱ्या एका रविवारी मी त्या पुस्तकाच्या शेवटची यादी बघितली. देशांचे चार गट. कमी उत्पन्नाचे, खालचे मध्यम, वरचे मध्यम आणि उच्च. “आपण कुठले?” मी विचारलं.

“वरचे मध्यम. गेल्या वर्षापासून. त्याआधी खालचे मध्यम होतो.”

“अय्या! कुठल्या दिवशी झालो?”

यांनी तारीख बघून सांगितली. मी खूप आठवलं. त्या दिवशी मी चार काजं केली होती आणि नळाचा वॉशर बदलला होता. वर गेल्यासारखं काहीसुद्धा वाटलं नव्हतं. “काय बदललं मग?”

“उत्पन्नाचा आकडा थोडा सरकला आणि रेघेच्या पलीकडे पडला. रेघ कुठेतरी मारावीच लागते. पण ही वर्गवारी वेगळी हं, ती उत्पन्नावरून. आमचं काम त्यातलं नाही, आमचं भावांच्या तुलनेचं.” यांना असा घोळ खपत नाही. मला मात्र रात्रंदिवस एकच कुतूहल, की माझ्या झग्याच्या ओळीत दुसऱ्या देशांतली कोण बाई बसलेली असते. तिचं मशीन पायाचं की विजेचं? तीसुद्धा चपला बघते का? यांना विचारलं तर म्हणायचे, “बाई नसते गं तिथे. आकडा असतो.”

यंदा हे निवृत्त होणार. आणि निवृत्तीनंतर यांना एक काम मिळायचं होतं, ज्याची यांनी आयुष्यभर वाट बघितली असं म्हटलं तरी चालेल. पुढच्या वर्षी जगभरच्या भावांच्या तुलनेची नवी फेरी आहे, त्यासाठी देशभर नवीन भाव नोंदणारे नेमायचे आहेत आणि त्यांना शिकवायला कचेरीने यांना निवडलं होतं. अट एकच, नोकरीच्या पुस्तकात एकही शेरा नसावा. यांच्या पुस्तकात एकतीस वर्षांत शाईचा डागही नाही. गडी इतका खूष, की दाढी करताना आरशाला शिकवायचे. “अंडं म्हणजे कोणतं अंडं? हा पहिला प्रश्न!” साबण सगळ्या गालभर, ब्रश हवेत.

अशात मुख्य कचेरीचं पत्र आलं. शेजारच्या देशांच्या पत्रकांशी आमची पत्रकं ताडून बघितली, तर आमच्या देशात झग्याची शिलाई भलतीच महाग दिसत होती. तिकडच्या मानाने आमच्याकडे पाव स्वस्त, केस कापणं स्वस्त, शिलाई तेवढी दुप्पट. झगा शिवणारी दुकानं देशात मुळात थोडी उरलेली, त्यात आमच्या भागाचा आकडा सगळ्यात वर. तर वीस तारखेला तपासनीसबाई येतील, दुकानात विचारतील आणि पाच गिऱ्हाइकांनाही विचारतील.

हे पत्र वाचून हे म्हणाले, “येऊ देत की. आपला आकडा पक्का आहे.” मी मात्र मनात हिशेब केला. गिऱ्हाइकं खरं सांगणार. म्हणजे कागदावर काय दिसणार? नोंदणाऱ्याने घरी बसून बायकोला विचारून वाट्टेल ते आकडे भरले. एकतीस वर्षांची अब्रू आणि ती शिकवायची जागा, दोन्ही माझ्या एका ताठ मानेपायी जाणार होतं.

मी काय करावं? मी निघाले गिऱ्हाइकांना पढवायला. आधी इस्त्रीवालीकडे गेले. ती मला साठ देते. म्हटलं, “कोणी विचारलं तर एकशेवीस देते म्हणून सांग.” ती तर फुललीच. “सांगते की! असला महागाचा झगा मी घालते, हे चारचौघांत सांगायला काय जातंय माझं?” मला तेवढाच धीर आला. मग दवाखान्यातल्या आयाबाईकडे गेले. ती चाळीस देते. तिला तेच सांगितलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. हातातली बादली तिने खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, “म्हणजे ताई, यापुढे एकशेवीस पडणार का?”

मी म्हटलं, “नाही गं बाई, नाही. विसरून जा मी आले होते.” आणि तशीच घरी आले. स्वतःचीच किळस आली मला. एक खोटं झाकायला मी पाच गरीब बायकांना कामाला लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आरशापुढे होते. अंड्यावरचं भाषण संपून बुटांवर आलं होतं. मी मागे जाऊन उभी राहिले आणि घरातला नियम मोडला. “अहो, दुकानाचं सांगायचंय. एकशेवीस खोटं आहे.”

वस्तरा थांबला. “मग खरं किती?”

“साठ. चाळीस. सत्तर. जशी बाई असेल तसं. कोणाला फुकटसुद्धा.”

“कधीपासून?”

“तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवसापासून.”

यांनी वस्तरा पुन्हा गालाला लावला. उरलेली दाढी केली, नीट केली. गाल पुसले. मला राहवेना. म्हटलं, “ओरडा तरी! माझ्या खोट्याने झालं काय, ते तरी सांगा.”

“भाव जास्त दिसला,” हे म्हणाले, “म्हणजे त्याच पैशात इथल्या लोकांना कमी मिळतं असं दिसलं. आपण आहोत त्यापेक्षा गरीब दिसलो.”

“एका झग्याने?”

“एका झग्याने केसाच्या दहाव्या हिश्शाने. पण दिसलो.” मग ते बूट घालून कामावर गेले. वीस तारखेपर्यंतचे चार दिवस घरात मीठ दे, दिवा घालव, एवढंच बोलणं झालं. तसला राग मला झेपत नाही. माझा राग भांड्यांवर निघतो आणि संपतो. यांचा नुसता बसून राहतो.

तपासनीसबाई आल्या. पस्तिशीच्या असतील, दमलेला चेहरा, पण डोळे स्वच्छ. हे दुकानाबाहेर फुटपाथवर उभे राहिले, कारण तपासणीच्या वेळी नोंदणाऱ्याने आत असू नये. बाईंनी विचारण्याआधीच मी सगळं ओकले. चाळीसच्या पाटीपासून आयाबाईच्या बादलीपर्यंत. मापाची वही पुढे टाकली, यातलं कोणतंही नाव घ्या आणि जाऊन विचारा म्हटलं. त्या खरंच गेल्या. दोन तासांनी परत आल्या तेव्हा त्यांच्याकडे पाच आकडे होते. साठ, चाळीस, सत्तर, पन्नास, ऐंशी.

“सरासरी साठ,” त्या म्हणाल्या. “बरोबर निम्मा. आता शेजारच्या देशांशी जुळतं. आणि वर्षात फुकट किती शिवले?”

मी वहीवरून मोजलं. “सात.”

“ते सोडून द्या. पैसे घेतले नाहीत तर तो भाव नाही. त्याला रकाना नसतो.” मग त्यांनी यांना आत बोलावलं. आवाज मऊ करून म्हणाल्या, “साहेब, यंदाचा आकडा मी दुरुस्त करते. मागचं उकरायची गरज नाही. तुमचे दोनच महिने राहिलेत.”

“दोनशे शहात्तर पत्रकं आहेत,” हे म्हणाले. “सगळी चुकीची आहेत. सगळी रद्द करायला हवीत.”

बाईंनी सुस्कारा सोडला आणि दुरुस्तीचा कागद काढला. त्यात एक चौकट होती, चूक कोणाची. विक्रेत्याची की नोंदणाऱ्याची. “विक्रेत्यावर खूण करू,” त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या पुस्तकात काही जायचं नाही.”

“करा, करा,” मी म्हटलं. “माझीच चूक आहे. खोटं मी बोलले. अंगठा हवा तर अंगठा घ्या!”

यांनी लेखणी उघडली आणि नोंदणाऱ्याच्या पुढे खूण केली.

मी अक्षरशः किंचाळले. “अहो, वेड लागलंय का तुम्हाला? तुमची जागा जाईल ना!”

“ओरडू नकोस,” हे म्हणाले. तपासनीसबाईंसमोर, दुकानात, मला ‘तू’ म्हणाले. “भाव सांगितल्यावर आम्हाला दुसरा प्रश्न विचारावा लागतो. हा भाव सगळ्यांना सारखाच का? बाजारात प्रत्येक दाराशी मी तो विचारतो. विचारून विचारून लोकांना वीट आणलाय. फक्त या दुकानात विचारला नाही. तेवीस वर्षांत एकदाही नाही.”

“का नाही विचारलात?” तपासनीसबाईंनी विचारलं.

यांचे कान लाल झाले. म्हातारा होत आलेला माणूस, पण कान असे लाल झाले की मी बघतच राहिले. “पहिल्या दिवशी धीर झाला नाही,” हे म्हणाले. “नंतर वाटलं, हिला विचारायची काय गरज. ही खरंच सांगत असणार. तुम्ही लिहा, नोंदणाऱ्याने प्रश्न अर्धाच विचारला.”

बाईंनी लिहिलं. कागद घडी घालून पिशवीत ठेवला. जाताना यांना नमस्कार केला तो जरा जास्त वाकून केला. त्या कागदाबरोबर यांची शिकवायची जागाही त्या पिशवीत गेली, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या गेल्यावर हे बाहेर पडतील असं वाटलं. पडले नाहीत. गिऱ्हाइकांचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. मला हुंदका आवरेना. म्हटलं, “माझ्यापायी गेली तुमची जागा.”

“गेली.”

“राग आलाय?”

“आलाय,” हे म्हणाले. “खूप आलाय. बहुतेक या आठवडाभर राहील. तोवर ते सात झगे कोणाचे ते सांग.”

“त्याला रकाना नसतो ना?”

“रकाना नाही म्हणूनच विचारतोय.”

मी नाक पुसलं आणि सांगायला लागले. पहिला मामीचा, ती काय पैसे देणार. दुसरा झाडूवालीच्या लेकीचा, तिला नोकरीसाठी मुलाखतीला जायचं होतं. तिसरा आणि चौथा जळालेल्या घरातल्या दोघी बहिणींचा. पाचवीने पैसे पुढे केले होते, पण तिची बोटं बघून मला घेववले नाहीत. सहावी रोज दारावरून जाताना मशीनकडे बघायची, शेवटी मीच आत बोलावली. हे ऐकत होते. हातात लेखणी नव्हती. मधेच विचारायचे, “मुलाखतीचं काय झालं?” “बोटांना काय झालं होतं?” असे प्रश्न या माणसाला सुचतात हे मला तेवीस वर्षांत माहीत नव्हतं.

“आणि सातवा?”

“सातवा त्या म्हाताऱ्या मास्तरीणबाईंचा. त्यांना आता काही आठवत नाही हो. मागे एकदा मी त्यांना निळा झगा शिवून दिला. महिन्याभराने त्या तोच झगा सगळा उसवून, इस्त्री करून घेऊन आल्या. म्हणाल्या, बाई, नवं कापड आणलंय, एक साधा झगा शिवून द्या. काय सांगणार त्यांना? दिला शिवून. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. वर्ष झालं, दर महिन्याला येतात. कापड विरत चाललंय, शिवणीला जागा उरली नाही, मी आतून पट्टी लावते. नवा झगा मिळाला म्हणून दरवेळी इतक्या खूष होऊन जातात की बस.”

यांनी बोटांवर महिने मोजले. कपाळावर आठ्या घालून, पोलादी पट्टी काढताना असतो तसा चेहरा करून. मग म्हणाले, “मग तो एक झगा धरायचा, की बारा?”

मी म्हटलं, “तुम्हीच ठरवा, साहेब.”

या गोष्टीला आता पाच महिने झाले. निवृत्ती झाली, शिकवायला दुसरंच कोणी गेलं. हे रोज दुपारी दुकानात येऊन बसतात, काजांसाठी सुईत दोरा ओवून देतात, आणि मधेच थांबून म्हणतात, “बारा धरावेत असं मला वाटतं. पण कापड एकच आहे ना.” अजून त्यांचं ठरत नाही.